डिझेल गाडी रोज सहा किलोमीटरवरच्या ऑफिसला नेता? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात सोसायटीतल्या एका काकांनी मला पार्किंगमध्ये बोलावलं. डिझेल एसयूव्ही, दीड वर्षाची, पळालेली जेमतेम सहा हजार किलोमीटर. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला होता, सायलेन्सरसारखं चित्र आणि त्यात ठिपके. "अरे, मी तर एवढी जपून चालवतो. कधी दोन हजाराच्या वर आरपीएम जाऊ दिला नाही," काका काकुळतीनं सांगत होते. गाडीचं दुखणं नेमकं तेच होतं.

डिझेल इंजिन हा नांगराचा बैल आहे. गोठ्यात बांधून नुसता गोंजारला तर आजारी पडतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते तेव्हा इंधन पेटतं. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, त्या दाबानं ती तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. एवढ्या दाबामुळे थेंबाथेंबातून जास्त काम निघतं. दीड-दोन हजार आरपीएमलाच भरपूर ताकद मिळते, म्हणून सात माणसं आणि टपावर सामान घेऊन ताम्हिणी चढताना गाडी कुरकुरत नाही. पण वाया जाणारी उष्णता कमी, म्हणून इंजिन तापायला वेळ लागतो. शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये ते धड तापतच नाही. पुढचे बरेच घोटाळे इथून सुरू होतात.

पहिली चूक शोरूममध्येच होते

२०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरात लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक होता. त्या काळात "डिझेलच घे" हा सल्ला बरोबर होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही नियंत्रणमुक्त झाले आणि ती दरी आटली. सल्ला मात्र अजून तोच दिला जातो.

कागदावर मांडून बघा. पेट्रोल १०४ रुपये आणि अ‍ॅव्हरेज १५, डिझेल ९१ रुपये आणि अ‍ॅव्हरेज १९ धरलं तर किलोमीटरमागे साधारण दोन रुपये वाचतात. त्याच मॉडेलची डिझेल गाडी सव्वा लाखानं महाग असेल, तर तेवढे पैसे वसूल व्हायला साठ हजार किलोमीटर लागतील. महिन्याला पंधराशे चालवणाऱ्याला साडेतीन वर्षंही लागणार नाहीत, पाचशे चालवणाऱ्याला दहा वर्षं. वर महाराष्ट्रात डिझेल गाडीचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम आल्यापासून धूर साफ करणारी यंत्रणा इतकी महागली, की मारुतीनं डिझेल गाड्या बनवणंच सोडून दिलं.

म्हणजे घेऊच नये का? दर शनिवारी कोल्हापूरला जाणाऱ्याने, घाटात राहणाऱ्याने, गाडी कायम भरलेली असणाऱ्याने खुशाल घ्यावी. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या चर्चेनं ज्यांची झोप उडाली आहे, त्यांना तेवढी चिंताही कमी. फक्त कोथरूड ते शिवाजीनगर एवढीच फेरी असेल, तर पेट्रोल किंवा सीएनजी घ्या आणि पुढचं वाचायची गरज नाही.

काजळीचा दिवा: दुर्लक्ष आणि घाई, दोन्ही महागात

आता काकांचा दिवा. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ नावाची जाळी असते. इंजिनातली काजळी तिच्यात अडकते. हायवेवर धूर पुरेसा तापलेला असतो, तेव्हा ती हळूहळू जळून जाते. शहरात ते जमत नाही, म्हणून ठरावीक काजळी साठली की इंजिन स्वतःहून थोडं जादा डिझेल फवारून जाळी सहाशे अंशांच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळतं. याला रीजनरेशन म्हणतात. त्याला दहा-पंधरा मिनिटं सलग गाडी चालत राहावी लागते.

आणि आपण नेमकं तेव्हाच ऑफिसच्या पार्किंगमध्ये शिरून गाडी बंद करतो.

खुणा ओळखायला शिका. सिग्नलला उभे असताना आयडल आरपीएम नेहमीपेक्षा वर राहतो, सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारं स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, डिस्प्लेवरचं अ‍ॅव्हरेज अचानक पडतं, किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा घोंघावतो, गाडीखालून तापलेल्या लोखंडाचा वास येतो. असं दिसलं की आणखी पंधरा मिनिटं चक्कर मारून या. एखाद्या वेळी अर्धवट राहिलं तर आकाश कोसळत नाही, गाडी पुढच्या फेरीत पुन्हा प्रयत्न करते. रोज अर्धवट राहिलं तर दिवा लागतो.

नुसता पिवळा डीपीएफचा दिवा असेल तर घाबरू नका. काकांना मी शेजारी बसवलं, बेंगळुरू हायवेला लागलो आणि खेड शिवापूरपर्यंत चौथ्या गिअरमध्ये, दोन-अडीच हजार आरपीएमवर गाडी नेली. पाचवा, सहावा गिअर टाकायचा मोह आवरायचा, कारण धूर तापायला हवा. वाटेतच दिवा विझला. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता, कारण त्यांच्या मते मी गाडीला "मारत" होतो.

मात्र डीपीएफच्या दिव्याबरोबर चेक इंजिनचा दिवाही लागला असेल आणि गाडीचा पिकअप मेला असेल, तर असला प्रयोग करू नका. जाळी फार भरली असेल तर ती वर्कशॉपमध्ये मशीन लावूनच साफ करावी लागते. तोपर्यंत रेस देत राहिलात तर जाळी तडकू शकते, आणि नवीन जाळीचं बिल ऐकून माणूस खुर्ची शोधतो.

याच रोगाचं एक फसवं लक्षण आहे. रीजनरेशनसाठी फवारलेलं जादा डिझेल, काम वारंवार अर्धवट राहिलं की, सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. "वा, गाडी ऑइल खातच नाही" म्हणून खूश होऊ नका. ते ऑइल पातळ झालंय. किलोमीटर पूर्ण झाले नसले तरी बदला.

बदलताना दुकानातल्या ड्रममधलं कुठलंही पंधरा-चाळीस (15W-40) ग्रेडचं ऑइल ओतू देऊ नका. काजळी जळते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती जाळीतच कायमची बसते. म्हणून डीपीएफवाल्या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. नेमका ग्रेड मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, तोच मागा. आणि "जाळी काढून टाकू साहेब, कटकटच नको" म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी तशीच बाहेर काढा. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय तुमच्या मागे स्कूटरवर बसलेल्या पोराच्या फुप्फुसात ती काजळी जाते.

निळं झाकण आणि शेतातला युरिया

काही गाड्यांना अ‍ॅडब्लू लागतं. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया, बस. ते निळ्या झाकणाच्या वेगळ्या टाकीत भरतात. धुरातले नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड त्यानं निकामी होतात. ते संपायच्या बऱ्याच आधीपासून गाडी इशारे देते, तरी भरलं नाही तर एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही.

युरियाच ना, मग गोणीतला कालवून टाकू, असा विचार गावाकडे एकदा तरी कुणाच्या डोक्यात येतोच. नका करू. २०१५ पासून आपला शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, आणि साध्या पाण्यातले क्षार वेगळेच. नोझल चोंदतं आणि यंत्रणा निकामी होते. बाजारात सीलबंद कॅन मिळतो, तो घ्या. त्याहून वाईट म्हणजे अ‍ॅडब्लू चुकून डिझेलच्या टाकीत ओतणं. तसं झालं तर किल्लीला हात लावू नका.

पंपावर मोबाइल बघणं

हे माझ्यावर बेतलेलं आहे. गणपतीला कोकणात निघालो होतो, पनवेलच्या पुढे एका पंपावर रांग, मागे हॉर्न. पोरानं विचारलं, "कितीचं?" मी मोबाइलमधून मान वर न करता म्हणालो, "फुल कर." त्यानं पेट्रोल सोडलं. डिझेलचं नोझल जाड असतं, ते पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा शिरत नाही. पेट्रोलचं बारीक नोझल मात्र डिझेलच्या टाकीत आरामात जातं. बायकोचं लक्ष मशीनवरच्या दराकडे गेलं म्हणून वाचलो. तोवर अकरा लिटर गेलं होतं.

जुन्या इंजिनांच्या काळातले मिस्त्री म्हणायचे, थोडंच गेलंय, वरून डिझेल भर आणि चल. आजच्या कॉमन रेल इंजिनात तो सल्ला घातक आहे. त्याचा पंप दीड-दोन हजार बारच्या दाबानं डिझेल ढकलतो आणि त्या पंपाला वंगण फक्त डिझेलचंच असतं. पेट्रोलमध्ये वंगण नाही. पंप कोरडा घासला की धातूचा चुरा पाइपमधून थेट इंजेक्टरपर्यंत जातो आणि मग पूर्ण लाइन बदलावी लागते.

त्यामुळे चूक कळली की किल्ली फिरवायचीच नाही, नुसती 'ऑन' पर्यंतसुद्धा नाही, कारण बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानंच टाकीतला पंप सुरू होतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत बाजूला घ्या, टाकी पूर्ण रिकामी करून घ्या. आमचे चार तास गेले आणि आरतीला पोहोचलो नाही, पण इंजिन वाचलं. आता मी गाडीतून उतरतो, "डिझेल" मोठ्यानं म्हणतो आणि झाकणाजवळ उभा राहतो.

वरच्या गिअरमध्ये दाबून चालवणं

तळाला ताकद आहे म्हणून तिशीच्या स्पीडला चौथा गिअर टाकून रेटणारे पुष्कळ. गाडी थरथरते, दबते, तरी गिअर खाली येत नाही. याने अ‍ॅव्हरेज वाढत नाही, काजळी वाढते आणि क्लचमागचं फ्लायव्हील लवकर खुळखुळं होतं. ते बदलायचा खर्च वाचलेल्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्त.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरानं फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्याबद्दल लोक दोन टोकं गाठतात. कुणी सकाळी पाच मिनिटं गाडी नुसती गुरगुरत ठेवतो. त्याची गरज नाही, अर्धं मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. कुणी खंबाटकी भरल्या गाडीनं चढून वरच्या चहाच्या टपरीवर ब्रेक लावतो आणि त्याच क्षणी किल्ली काढतो. चढताना टर्बो मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वर गरगरलेला असतो, तापलेला असतो आणि त्याचा ऑइलपुरवठा एकदम तुटतो. तिथे मिनिटभर आयडल ठेवा. शहरातून शांतपणे घरी आला असाल तर थांबायचं कारण नाही.

आणि घाट उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांसाठी: गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर फवारणं थांबवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं, वर ब्रेक तापतात ते वेगळं.

पावसाळा, रिझर्व्ह आणि धूर

डिझेलमध्ये पाणी असलं तर ते फिल्टरच्या तळाशी साठतं. नळाच्या चित्राचा दिवा लागला तर ते काढून घ्या, बहुतेक फिल्टरना त्यासाठी खाली स्क्रू असतो. पावसाळ्यात गर्दीच्या पंपावर भरा. टँकर उतरत असेल तर पुढचा पंप गाठा. टाकी पार कोरडी होईपर्यंत चालवू नका. डिझेल संपलं की लाइन एअर धरते, मग नुसतं डिझेल भरून भागत नाही, हवा काढावी लागते.

धुराचा रंग सांगून जातो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल तर इंजेक्टर किंवा कुलंटची गळती. काळा असेल तर एअर फिल्टर आणि टर्बोचा होज आधी बघा. बीएस-६ गाडी काळा धूर ओकत असेल तर जाळी फुटलेली आहे किंवा आधीच्या मालकानं काढलेली आहे.

"डॉक्टरांची गाडी, फक्त दवाखान्यात जायची"

सेकंडहँड बाजारातली ही सगळ्यात लाडकी जाहिरात. पेट्रोल गाडी असेल तर कान टवकारा. डिझेल असेल तर सावध व्हा. सहा वर्षांत वीस हजार किलोमीटर, तेही घर ते दवाखाना, म्हणजे त्या जाळीनं हायवे क्वचितच पाहिलाय. पुणे-नाशिक करणाऱ्या औषध कंपनीच्या एखाद्या एमआरची लाखभर पळालेली, सर्व्हिसच्या पावत्यांसकट मिळणारी गाडी मी आधी बघेन. दिल्लीकडून स्वस्तात येणाऱ्या गाड्यांमागे बऱ्याचदा तिथं दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर आलेली बंदी असायची. त्यात एनओसी आणि इथलं रजिस्ट्रेशन यांचा खर्च धरून मगच स्वस्त म्हणा.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू होऊ दे. त्याआधी डिपस्टिक काढून पुसा, परत घाला, परत काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि वास डिझेलचा येत असेल, तर चहा घ्या आणि निघा.