भाऊबीजेनंतरची गाडी: सोलापूरकरांनो, या चुका टाळा

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सोलापूर स्टेशनवर उभं राहून बघा. निम्मं गाव पुण्याला निघालेलं असतं. पोरांच्या पाठीवर सॅक, आयांच्या हातात फराळाचे डबे, वडिलांच्या खांद्यावर ज्वारीचं पोतं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "एवढी गर्दी असंल असं वाटलं नव्हतं बघा." का नव्हतं वाटलं? भाऊबीज काय यंदा नवीन निघाली?

मी टॉवेल-चादरींचे नमुने घेऊन गेली बावीस वर्षं महिन्यातून दोनदा तरी पुण्या-मुंबईला जातो. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, उन्हाळ्यातली लग्नं, आषाढी, नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत तुळजापूर, मग दिवाळी आणि तिच्या मागोमाग कार्तिकी. सोलापूरच्या गाड्या कधी तुंबणार हे पंचांग बघून सांगता येतं. तरी दरवर्षी त्याच चुका, आणि बऱ्याचदा तीच माणसं.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे पुढं लोकांना नावं ठेवायला मी मोकळा.

खिडकीतून रुमाल, पिशवी, लेकरू

जागा धरायची आपली जुनी रीत. गाडी फलाटाला लागते ना लागते तोच गजांतून रुमाल टाकायचा, आणि बिनगजाची आपत्कालीन खिडकी सापडली तर अख्खी पिशवी आत सारायची. काही शूर लोक पोरगंसुद्धा आत देतात आणि मग दाराकडं पळतात. ते बघितलं की माझ्या पोटात आजही गोळा येतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी झालेली, पुण्यात एका दुकानदाराला नमुने दाखवायचे होते. दक्षिणेकडून येणारी गाडी आली ती भरूनच. मी चपळाई केली. आपत्कालीन खिडकीतून पिशवी आत टाकली, "मालक, तेवढी ठेवा हो सीटवर" म्हणालो आणि दाराकडं पळालो. दारात तीस-एक माणसं. अर्धी चढायला बघतायत, अर्धी उतरायला. मी एकदा दांडा धरला, कुणाच्या तरी ट्रंकेनं तो सुटला. दुसऱ्यांदा धरेपर्यंत गाडी हलली. मी फलाटावर, पिशवी पुण्याला. पिशवीत बारा टॉवेल, ऑर्डरींची वही, साडेचार हजार रुपये आणि बायकोनं पहाटे तळलेल्या चकल्या.

स्टेशनवर जाऊन सांगितलं. त्यांनी पुढं कुर्डुवाडीला कळवलं. पण त्या डब्यात शिरायला पोलिसालाही जागा नव्हती म्हणे. दुपारी दोनच्या सुमाराला फोन वाजला. एक बाई बोलत होती. वहीच्या पहिल्या पानावर माझा नंबर होता, तो बघून तिनं फोन केला होता. पिशवी तिनं पुणे स्टेशनवर पोलिसांकडं दिली आणि दुसऱ्या दिवशी मी जाऊन आणली. पैसे जसेच्या तसे. चकल्यांबद्दल तिनं फोनवरच सांगून टाकलं होतं, "लेकरू लई रडत होतं ओ दादा, चार दिल्या."

ती बाई भेटली म्हणून. रोज भेटत नाही. आणि आता मालक नसलेली पिशवी डब्यात दिसली की लोक आधी रेल्वेच्या १३९ ला फोन लावतात, ते बरोबरच आहे.

त्या दिवसापासूनची माझी सवय: आधी मी, मग सामान. पिशवी पाठीला नाही, पोटाला, आणि मांडीवर मावेल एवढीच. आत एका चिठ्ठीवर नाव आणि नंबर. ज्यांना दोन ट्रंका, गव्हाचं पोतं आणि कुंडीतली तुळस घेऊन जनरलनं जायचंय, त्यांनी दिवाळीनंतर आठ दिवस थांबावं. हे कडक वाटेल, पण दारात अडकलेल्या ट्रंकेमागं किती माणसं राहतात ते मी फलाटावरून मोजलंय.

जागेचंच म्हणाल तर रुमालापेक्षा साधा उपाय आहे. जी गाडी सोलापुरातूनच सुटते ती धरा. सकाळची हुतात्मा आणि रात्रीची सिद्धेश्वर इथूनच निघतात, डबे रिकामे लागतात, तासभर आधी आलात तर जनरलमध्येही बूड टेकतं. बेंगळुरू, चेन्नई, हैदराबादकडून येणारी गाडी इथं येईतो दारापर्यंत भरलेली असते. तरी लोक तिच्यासाठीच धावतात, का तर ती "आधी येतीय". हुतात्माच्या दारात शिव्या देत भांडणारे बघितले की वाईट वाटतं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या सोलापूरच्या चौघा हुतात्म्यांचं नाव आहे त्या गाडीला. असो.

आणि जनरल डबे बहुतेक गाड्यांना पुढं-मागं टोकांना असतात. जिन्याच्या तोंडाशी घोळका करून उभं राहायचं आणि गाडी आली की सामानासकट पळत सुटायचं, हा प्रकार दर सणाला होतो. हमालाला विचारा, तो बोट करून दाखवतो.

"वेटिंग आहे, पण चढू, टीसीला बघू"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट झाल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत खात्यात येतात. म्हणजे तुमच्या हातात तिकीट उरतच नाही. तुम्ही डब्यात चढलात तर विनातिकीट. वरून टीसीशी हुज्जत, "पैसे भरलेत की ओ!" भरलेत, आणि परतही मिळालेत. खिडकीवर काढलेलं वेटिंग आपोआप रद्द होत नाही, पण त्यावर स्लीपरमध्ये किंवा एसीत बसता येत नाही. फार तर जनरलमध्ये जा, नाहीतर गाडी सुटायच्या अर्ध्या तासाआधी रद्द करून या.

आरएसी मात्र तिकीटच आहे. अर्धा बाक मिळतो, बसून जाता येतं. आमच्या गल्लीतल्या एका शहाण्यानं दिवाळीत आरएसी रद्द करून तत्काळची वाट बघितली. शेवटी एसटीच्या टपाला टेकत पुण्याला पोचला.

वेटिंगचे प्रकार न बघणं ही त्याच्या पुढची चूक. सिद्धेश्वर इथून सुटते, तिचं इथलं वेटिंग जीएनडब्ल्यूएल असतं आणि ते सरकतं. मधल्या स्टेशनांच्या वाट्याचं आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल दिसलं की आकडा लहान असला तरी हुरळून जाऊ नका, ते सहसा जाग्यावरून हलत नाही. सिद्धेश्वरचं वेटिंग पंचवीस आणि लांबच्या गाडीचं पीक्यूडब्ल्यूएल आठ असेल तर मी डोळे झाकून पंचवीसवालं घेतो.

खरं तर वेटिंगवर यायची वेळच का यावी? नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं. उलट सोपं झालं. दोन महिन्यांनी दिवाळी आहे हे गणपतीतच कळतं की. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर साठ दिवस मागं मोजून लाल गोल करतो. पोरं हसतात, आणि दिवाळीत मलाच फोन करतात.

तत्काळचा दिवस चुकवणं

तत्काळ एसीसाठी सकाळी दहाला आणि बिगर-एसीसाठी अकराला उघडतं, एक दिवस आधी. इथवर सगळ्यांना पाठ. पण तो एक दिवस गाडी जिथून निघते तिथल्या तारखेपासून मोजतात. उद्यान एक्सप्रेस बेंगळुरूहून निघून दुसऱ्या दिवशी सोलापुरात येते. तुम्हाला इथून ५ तारखेला मुंबईला जायचंय, तर गाडी ४ ला निघालेली असणार आणि तत्काळ ३ तारखेला उघडणार. लोक ४ ला सकाळी मोबाइल घेऊन बसतात आणि "साइटच बंद आहे" म्हणून रेल्वेच्या नावानं बोटं मोडतात.

जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं. ते जोडायचं काम दहाला पाच कमी असताना करायचं नसतं. आणि पक्कं झालेलं तत्काळ रद्द केलं तर पैसे मिळत नाहीत, म्हणून "काढून ठेवू, मग बघू" हे शहाणपण महागात पडतं. एजंटला जादा पैसे देऊन कुणाच्या तरी नावाचं तिकीट घेणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. त्यांच्याशी टीसी बोलतो.

रात्री बारानंतरची तारीख

आमचे साडू हिशेबाला पक्के माणूस, सुताचे भाव तोंडपाठ. तुळशीच्या लग्नानंतर हैदराबादला लग्न होतं. गाडी सोलापुरात रात्री बारा वाजून गेल्यावर येणारी. तिकिटावर तारीख २३. सगळी मंडळी २३ ला दिवसभर आवरत बसली, मेव्हणीनं रात्री गरम जेवण केलं, अकराला रिक्षा करून सहा जण स्टेशनवर. गाडी आली, डबा सापडला, बर्थवर माणसं झोपलेली. मेव्हणीनं एकाला उठवलंसुद्धा.

मला रात्री फोन. "दाजी, आमच्या जागेवर लोक बसलेत ओ, टीसी ऐकंना."

"तिकीट वाचून दाखव," म्हटलं.

वाचता वाचता ती गप्प झाली. २३ ची बारानंतरची गाडी म्हणजे २२ ला जेवून निघायचं. त्यांची गाडी आदल्या रात्रीच हैदराबादला गेली होती, सहा रिकामे बर्थ घेऊन. आणि रिकामे तरी कुठले, वाट बघणाऱ्यांना केव्हाच मिळाले असतील. पुढचा प्रवास जनरलमध्ये झाला, आहेराची भांडी मांडीवर घेऊन. साडू वाडीपर्यंत एका पायावर होते असं ते सांगतात. मेव्हणी म्हणते, दोन्ही पायांवर होते पण तोंड एकाचंही सरळ नव्हतं.

तिकीट हातात आलं की मी त्यावर पेननं लिहितो: "२२ ला रात्री जेवून निघणे." मोबाइलवर असेल तर गजर लावताना तेच शब्द. बालिश वाटतं, पण गाडी चुकलेली नाही.

आता पटापट उरकतो. वंदे भारतला जनरल डबा नाही आणि तिची दारं आपोआप बंद होतात, सामान ठेवायला आत शिरलेल्या मामांना थेट कुर्डुवाडीलाच उतरता येतं. साखळी ओढून उतरू म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली वर्षभरापर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

बोर्डिंग, म्हणजे गाडीत चढायचं स्टेशन, बदलून कुर्डुवाडी टाकलंत तर मग सोलापुरात त्या बर्थवर हक्क सांगू नका.

दिवाळीत, आषाढीत जादा गाड्या सुटतात, त्यांचे नंबर शून्यानं सुरू होतात. लोक फक्त ओळखीच्या दोन नावांत शोधतात आणि "फुल्ल आहे" म्हणून सोडून देतात. भाडं जास्त असतं, उशीरही होतो, पण टेकायला जागा मिळते.

जनरलचं तिकीट: २०० किलोमीटरच्या पुढं ते तीन दिवस आधी काढता येतं. पुणे त्यात बसतं. तरी सकाळी सहाच्या रांगेत उभं राहायची हौस कुणाला असेल तर असो. दौंड मात्र दोनशेच्या आत येतं, तिथं तीन तासांचं बंधन.

दिव्यांगांच्या डब्यात "मोकळा दिसला" म्हणून चढू नका. तो मोकळा का आहे ते दारावर लिहिलंय. आणि म्हातारं माणूस किंवा पोटुशी बाई बरोबर असेल तर सणाच्या चार दिवसांत जनरलचा विचारच नको. भाऊबीजेला बहीण नाही गेली तर भाऊ येईल की.

खाण्याचं शेवटी. फराळाचा मोठा डबा वर ठेवाल तर पुण्यापर्यंत तो हाताला लागत नाही, आणि गर्दीत रस्साभाजी उघडणाऱ्यानं शेजाऱ्याचे कपडे रंगवलेले मी दोनदा पाहिलेत. कडक भाकरी आणि शेंगा चटणी, वर्तमानपत्रात गुंडाळून शर्टाच्या आत किंवा पोटावरच्या पिशवीत सगळ्यात वर. हाताला चिकटत नाही, सांडत नाही, मोडली तरी चालते. पाणी मात्र घोट घोट. दाराशी बसलेली माणसं संडासाच्याही वाटेत बसलेली असतात, आणि त्यांना दौंडच्या आधी उठवणं कुणाच्या बापाला जमत नाही.