अर्थ माहीत हाय पण शब्द आठवत नाही? मग उलटी डिक्शनरी अशी वापरा

बाप वारला, आता सातबाऱ्यावर आम्हा भावाबहिणींची नावं चढवा, एवढं सांगायले गडी अर्जात दहा ओळी लिहिते अन् तलाठ्याले पाह्यजे तो शब्द कुठंच नसते. तो शब्द म्हणजे वारस नोंद. साध्या डिक्शनरीत शब्द टाकला की अर्थ भेटते, आपल्याले इथं उलटं पाह्यजे, अर्थ टाकून शब्द. त्याले रिव्हर्स डिक्शनरी म्हणतात. पोलीस भरती, तलाठी भरतीवाल्या पोरांना तर हे लय कामाचं, ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द’ हा प्रश्न ठरलेलाच राहते.

सुरुवात मोबाईलवर नाही, डोक्यात करायची. आधी वस्तू कोणत्या जातीची ते सांगा, मग तिचं वेगळेपण सांगा. ‘ते वावरात असते ना, तसलं’ यानं काहीच सापडत नाही. ‘जमीन, पण त्या हंगामात न पेरलेली’ असं म्हटलं की काम झालं, जमीन ही जात अन् न पेरलेली हा फरक. बाकीचा पाल्हाळ काढून टाका, तीन-चार शब्द पुष्कळ झाले.

इंग्रजी शब्द पाह्यजे असेल तर वनलूक (OneLook) नावाच्या वेबसाईटवरची रिव्हर्स डिक्शनरी उघडा अन् ‘लँड लेफ्ट अनप्लांटेड’ असं इंग्रजीत टाका, यादीत फॅलो दिसते, म्हणजे आपली पडीत जमीन. पहिलं अक्षर आठवत असेल तर अजून सोपं, ते अक्षर, त्याला लागून तारा म्हणजे स्टार, मग कोलन अन् पुढं अर्थ, की त्याच अक्षराचे शब्द येतात.

मराठीसाठी थोडी युक्ती लागते अन् ती बऱ्याच जणांना माहीतच नाही. शिकागो विद्यापीठाच्या साईटवर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश हाय, त्यात नुसता शब्द नाही तर पूर्ण मजकूर शोधायची सोय हाय, म्हणजे इंग्रजी अर्थ टाकला की तो अर्थ ज्या ज्या मराठी शब्दाखाली लिहिला ते सगळे समोर येतात. फक्त नुसतं कॉटन टाकाल तर ढीग येईल, म्हणून जरा नेमका शब्द टाका, अन् स्पेलिंग ब्रिटिश, नांगराचं प्लाऊ जुन्या लांब स्पेलिंगनं.

दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथंच हाय, त्यात अर्थ मराठीत हायेत. पण तो १९३० च्या दशकातला, जुनं शुद्धलेखन, ‘शेतात’ नाही तर ‘शेतांत’, ‘करणे’ नाही तर ‘करणें’. काही भेटलं नाही की लगेच कोशाले नावं ठेवू नका बाप्पा, एक टिंब देऊन परत पाहा. आपल्या वऱ्हाडी, नागपुरी शब्दांपुढं त्यात तशी खूण पण केलेली राहते, म्हणून मले हाच कोश जास्त आवडते.

एआयवाल्या चॅटले विचारलं तरी चालते, बोलून टाईप करा, ‘उपकार विसरणाऱ्याला एक शब्द सांग’. पण ते कधी कधी नसलेला शब्दही छातीठोकपणे सांगते. म्हणून सापडलेला शब्द साध्या कोशात उलटून पाहायचाच अन् एका वाक्यात बसवून पाहायचा, काहून की कृतज्ञ अन् कृतघ्न दिसायले जवळजवळ सारखे हायेत, एक उपकार जाणणारा, दुसरा विसरणारा, अन् घाईत नेमका उलटाच शब्द अर्जात जाते.

ऑफिसच्या शब्दांसाठी मात्र कोशात फार वेळ घालवू नका. गावात कोणाचा तरी जुना मंजूर झालेला फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद, असतेच, तो मागा अन् त्यात काय शब्द वापरला ते पाहून तसाच लिहा.