आधी माती, मग वीट, निळाई शेवटी: खिवा, बुखारा आणि समरकंद कसं बघावं

उझबेकिस्तानला जाऊन आलेल्या मंडळींचे फोटो बघितले की समरकंदचा रेगिस्तान चौक दिसतो, निळे घुमट दिसतात आणि मग थेट जेवणाची टेबलं. त्यांचा तरी काय दोष? आपल्याकडून निघणाऱ्या बऱ्याच सहलींत ताश्कंद, चिमगनचे डोंगर आणि समरकंदची एक दुपार, एवढ्यावर काम उरकतं. पण हा मुलूख वाळवंटातल्या पेठांचा आहे. तो समजून घ्यायचा असेल तर दुसऱ्या टोकाने सुरुवात करावी. माझी सगळी नोकरी लातूर-उदगीर भागात बांधकाम खात्यात गेली. मोजमाप पुस्तिका आणि ओळंबा यांच्यावर पोसलेल्या माणसाचा हा सल्ला आहे, कलेच्या अभ्यासकाचा नव्हे.

निघण्याआधी एक गोष्ट करा. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे राहत असाल तर एक दिवस काढून बिदरला जा आणि महमूद गवानचा मदरसा बघा. हा बहमनी वजीर मूळचा इराणातल्या गिलानचा. त्याने १४७२ च्या सुमारास बांधलेली ही इमारत तैमुरी, म्हणजे तैमूर आणि त्याच्या वंशजांच्या काळातल्या पद्धतीची आहे. पुढे औरंगजेबाच्या काळात स्फोट होऊन अर्धी उडाली, पण उरलेल्या मिनाराच्या अंगावर आणि दर्शनी भिंतीवर रंगीत फरशीचे तुकडे अजून शिल्लक आहेत. मधलं अंगण, भोवती खोल्या, समोर उंच कमान, हा आराखडा डोक्यात बसला की बुखाऱ्याचा प्रत्येक मदरसा ओळखीचा वाटतो.

आता मार्ग. दिल्लीहून ताश्कंद विमानाने तीन तासांच्या आसपास. व्हिसा ऑनलाइन मिळतो. ताश्कंदला थांबू नका, देशांतर्गत विमानाने थेट उर्गेंच गाठा. तिथून खिवा टॅक्सीने तासाभरात येतं. मग खिवा, बुखारा, समरकंद, ताश्कंद असं पूर्वेकडे सरकत या. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हेच महिने बरे. जुलैत पारा चाळिशीच्या वर जातो आणि थंडीत खिव्यात हाडं गोठतात. अफ्रोसियाब या वेगवान गाडीची तिकिटं आरक्षण सुरू झाल्याबरोबर काढा, ती लवकर संपतात.

खिव्याला दोन रात्री द्या आणि हॉटेल तटाच्या आत, म्हणजे इचान कलात, घ्या. दिवसभराचे पर्यटक गेले की संध्याकाळी गल्ल्या रिकाम्या होतात, तेव्हा शहर आपलं असतं. तट कच्च्या विटांचा, वर काडी मिसळलेल्या मातीचा गिलावा, उंची साधारण दहा मीटर, घेर सव्वादोन किलोमीटर. तटाच्या उतारावर जागोजागी कबरी चिकटलेल्या दिसतील. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी कुन्या आर्क किल्ल्यातल्या बुरुजावर चढून बसा. आत मातीच्या रंगाची घरं, बाहेर त्याच मातीचं वाळवंट, आणि मध्ये काल्ता मिनारचं निळं-हिरवं बूड. खिव्याचा राजा महंमद अमीन खान याने हा मिनार १८५० च्या दशकात सुरू केला. १८५५ मध्ये तो लढाईत मारला गेला आणि काम तिथेच थांबलं. बुडाचा व्यास चौदा मीटरच्या वर आहे. एवढा पाया घेऊन किती उंच जायचं मनात होतं, याचा हिशेब आपापला करावा!

इथल्या बऱ्याच इमारती अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या, म्हणजे आपल्या पेशवाईच्या आणि नंतरच्या. त्यामुळे ‘प्राचीन’ शोधत फिरलात तर निराशा होईल. अपवाद जुमा मशिदीचा. मशीद १७८८ च्या सुमाराची, पण आतले काही लाकडी खांब दहाव्या-अकराव्या शतकातल्या जुन्या इमारतींतून आणून उभे केलेत. दोनशेहून जास्त खांब, घुमट नाही, कमान नाही, सपाट छप्पर आणि वर उजेडासाठी सोडलेल्या चौकोनी जागा. प्रत्येक खांब तळाशी कलशासारखा फुगतो, मग एकदम मनगटाएवढा बारीक होऊन दगडी उथळ्यावर टेकतो. दोन शेजारचे खांब घ्या आणि त्यांची नक्षी बोटभर अंतरावरून बघा. एकावर खोल कोरलेला वेल, दुसऱ्यावर उथळ भूमिती. जिथे कोर गुळगुळीत झाली आहे तो खांब बहुधा जुना. हा खेळ अर्धा तास सहज पुरतो, आणि बाहेरच्या उन्हातून आल्यावर आतला गारवाही फुकट मिळतो.

तटाच्या आतल्या इमारतींचं एकत्रित तिकीट असतं, मिनार चढायचे पैसे वेगळे. १९१० चा इस्लाम खोजा मिनार गुडघे चांगले असतील तरच चढा. जिना अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत, वरून येणाऱ्याला वाट द्यायला जागा नाही. सौ. खाली चहा पीत बसली आणि तिचंच बरोबर होतं.

खिवा ते बुखारा हे साडेचारशे किलोमीटर किझिलकुम वाळवंटातून जातात. रेल्वे आहे, पण एकदा तरी हा रस्ता मोटारीने करा. सहा-सात तास झुडपं, वाळू आणि अधूनमधून लांबवर अमू दर्या नदी. दोन शहरांमधलं हे अंतर उंटाच्या चालीने किती दिवसांचं असेल, हे बसल्या जागी कळतं आणि मग पेठ, सराय, हौद या गोष्टी कुठे आणि का बांधल्या हेही आपोआप उलगडतं.

बुखाऱ्याला तीन रात्री. कमी करू नका, हवं तर ताश्कंदची कापा. पहिल्या सकाळी सगळं सोडून इथल्या जुन्या सामानी राजघराण्याच्या मकबऱ्याकडे जा. एका बागेत दहाव्या शतकातली एक छोटी चौकोनी इमारत उभी आहे, बाजू सुमारे दहा मीटर. झिलई नाही, रंग नाही, फक्त भाजकी वीट. पण ती वीट कुठे आडवी, कुठे उभी, कुठे तिरकी लावून भिंत अशी केली आहे की बुरडाने टोपली विणावी. सकाळी सात-आठला आणि परत दुपारी चारला जा. ऊन सरकलं की सावल्या फिरतात आणि तीच भिंत निराळी दिसते. आत गेल्यावर मान वर करा. खाली चौरस आहे, त्याच्या चार कोपऱ्यांत कमानी टाकून वर अष्टकोन, त्यावर सोळा बाजू आणि मग गोल घुमट. चौकोनावर गोल कसा बसवायचा हा गवंड्यांचा जुना पेच इथे उघड्यावर सोडवून ठेवलाय, एकही सांधा लपवलेला नाही. आमच्या खात्यातल्या प्रत्येक नव्या पोराला इथे आणून उभं करायला हवं होतं.

मग कालोन मिनार. सन ११२७, उंची ४५ मीटरच्या वर, हाही विटेचाच. १२२० मध्ये चंगीझखानाने बुखारा जाळलं तेव्हा हा मिनार वाचला. खालून वर एकेक पट्टा बघत जा. प्रत्येक पट्ट्यात विटांची मांडणी वेगळी आहे. आणि अगदी वर, सज्जाच्या खाली, निळ्या झिलईच्या फरशीची एक अरुंद रेघ दिसते. मध्य आशियात इमारतीवर असा निळा रंग वापरल्याच्या सुरुवातीच्या खुणांपैकी ही एक. पुढे समरकंदला जो निळ्याचा पूर आहे, त्याचा उगम इथे बघून ठेवायचा. दुर्बीण असेल तर आणा, साधी चालेल. कालोन मशिदीचं तोंड पूर्वेला आहे, तिचा फोटो सकाळी. समोरच्या मीर-ए-अरब मदरशाचं पश्चिमेला, त्याचा संध्याकाळी. मीर-ए-अरबमध्ये आजही मुलं शिकतात, त्यामुळे आत मोकळेपणी फिरू देत नाहीत. हुज्जत घालू नका.

तिथून थोडं चाललं की रस्त्याच्या दोन बाजूंना दोन मदरसे समोरासमोर आहेत. एक तैमूरचा नातू उलुगबेग याचा, १४१७ चा. दुसरा अब्दुलअझीझ खानाचा, १६५२ चा. रंगीत फरशीची शिकवणी घ्यायची ती इथे. नाक भिंतीला लागेल इतकं जवळ जा आणि सांधे बघा. रंग बदलतो तिथेच सांधा असेल, म्हणजे निळी पाकळी हा एक तुकडा आणि पांढरा देठ हा दुसरा, तर ते कापून जुळवलेलं काम. हे सगळ्यात मेहनतीचं आणि टिकाऊ. उलट सांधे सरळ चौकोनी जाळीसारखे असतील आणि फूल दोन-तीन फरश्यांवर पसरलं असेल, तर ती आधी रंगवून मग भाजलेली फरशी. ही झटपट होते आणि पिवळा रंग मनसोक्त वापरता येतो. तिसरा प्रकार म्हणजे साध्या विटांमध्ये झिलईच्या विटा घालून काढलेली मोठी भूमिती किंवा चौकोनी वळणाची अक्षरं. ती जवळून कळत नाहीत, पन्नास पावलं मागे गेल्यावर वाचता येतात. या तीन गोष्टी ओळखता आल्या की गाइडची फारशी गरज पडत नाही. अब्दुलअझीझच्या इमारतीची एक बाजू अर्धवट राहिली आहे. तिथे फरशीखालची नुसती वीट दिसते, ती आवर्जून बघा.

पेठेतले छत्रीबाजार, म्हणजे तोकी, सोळाव्या शतकातले. रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथेच घुमट बांधून सावली केली आणि चौकात दुकानं थाटली. जवाहिऱ्यांचा एक, टोपीवाल्यांचा एक, सराफांचा एक. मुलतान आणि शिकारपूरचे हिंदू सावकार या शहरात व्यवहार करत होते. ते आठवलं की सराफांच्या तोकीत उगाच रेंगाळावंसं वाटतं. आता सगळीकडे रेशमी दुपट्टे, सुझनी भरतकाम आणि करकोच्याच्या आकाराच्या कात्र्या. पहिला भाव ऐकून हसावं, मग चहा घ्यावा, मग बोलावं. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘अका’ आणि बाईला ‘ओपा’ म्हणालात की निम्मं काम होतं.

संध्याकाळी लाबी हौदाच्या काठी बसा. हौद १६२० चा, भोवती तुतीची जुनी झाडं. शहरात असे पुष्कळ हौद होते, पाण्यातून नारूसारखे रोग पसरत म्हणून सोव्हिएत काळात बहुतेक बुजवले. समोरच्या नादिर दिवानबेगी मदरशाच्या कमानीवर पक्षी आणि माणसाचा चेहरा असलेला सूर्य आहे. मुसलमानी इमारतीवर चेहरा कसा, हा प्रश्न पडतो. समरकंदला शेरदोर मदरशावर वाघासारख्या सिंहांच्या पाठीवर असेच सूर्य परत भेटतील, दोन्ही सतराव्या शतकातलेच.

शाकाहाऱ्यांनी इथून पुढचं नीट वाचा. पुलाव असो वा सूप, मांस गृहीत असतं. ‘गोश्तसिझ’ म्हणजे मांसाशिवाय. रशियन समजणाऱ्यांना ‘ब्येझ म्यासा’ म्हणा. तरीही रस्सा मांसाचाच निघू शकतो, म्हणून सुरक्षित गोष्टींवर राहा: तंदुरातून काढलेली गोल ‘नोन’, टोमॅटो-कांद्याची अचिचुक कोशिंबीर, दही, फळं, आणि मिळालाच तर लाल भोपळ्याचा सोमसा. सोलापुरी शेंगा चटणीचा एक डबा बरोबर असेल तर गरम नोनबरोबर जी बहार येते तिला तोड नाही. नोन टेबलावर पालथी ठेवू नका, तिथे ते फार वाईट समजतात.

बुखारा ते समरकंद सगळे रेल्वेने जातात. तुम्ही मोटार करा आणि करमानाजवळ, नवोई शहराच्या अलीकडे, हमरस्त्यालगत थांबा. रबात-ए-मलिक ही अकराव्या शतकातली सराय. आता तिचं फक्त प्रवेशद्वार आणि खोल्यांचे पाये उरलेत. रस्त्याच्या पलीकडे सरदोबा आहे: जमिनीत खोदलेला पाण्याचा हौद आणि त्यावर विटेचा घुमट, पाणी आटू नये म्हणून. दारातून आत डोकावलं की बाहेरच्या उन्हात आणि आतल्या गारव्यात केवढा फरक आहे ते लगेच जाणवतं. तिकडे गर्दी नसते. अर्ध्या तासाचं काम आहे, पण सगळा व्यापारी मार्ग या दोन वास्तूंवर उभा होता.

समरकंदला मात्र गर्दी धरून चाला. रेगिस्तानात उलुगबेगचा मदरसा (१४१७–२०) पूर्वाभिमुख आहे, तो सकाळी बघा. समोरचा शेरदोर दुपारनंतर उजळतो. मधल्या तिल्ला-कारीच्या आत सोन्याचं छत घुमटाकार वाटतं, प्रत्यक्षात ते सपाट आहे. नक्षी मध्याकडे लहान लहान करत नेऊन डोळ्यांना फसवलंय. बाहेरचा निळा घुमट विसाव्या शतकात चढवलेला आहे.

माझ्या मते खरी बोलकी इमारत बीबी खानूम मशीद. १३९८ मध्ये दिल्ली लुटून परतल्यावर तैमूरने १३९९ मध्ये ती सुरू केली. हिंदुस्तानातून आणलेले हत्ती दगड ओढायला होते. १४०४ मध्ये समरकंदला आलेला स्पेनचा वकील क्लाविहो लिहितो की पायाच्या खड्ड्यातल्या मजुरांकडे वरून शिजलेलं मांस आणि नाणी फेकली जात. घाईत एवढं अवाढव्य बांधकाम केलं की व्हायचं तेच झालं. विटा लवकरच सुटू लागल्या, भूकंप होत राहिले आणि १८९७ च्या भूकंपात मोठी कमान कोसळली. आज दिसते ती बरीचशी नवी बांधणी. मागच्या बाजूला जा, तिथे जुन्या भिंतींना गेलेले तडे अजून दिसतात.

शाह-ए-झिंदाला पहाटे जा. अरुंद गल्लीच्या दोन्ही बाजूंना मकबरे आहेत. त्यातल्या शादी मुल्क आकाच्या (१३७२) दाराशी बसा. तिथे भाजलेली माती आधी खोल कोरून मग तिच्यावर झिलई दिली आहे. ही जागा दर्ग्यासारखी जागती आहे. बायकांनी डोकं झाकावं, कोणी कुराण म्हणायला बसलं तर फोटो थांबवून उभं राहावं. पायऱ्या जाता-येता सारख्याच मोजल्या गेल्या तर पापं जातात म्हणे. मोजून बघायला हरकत नाही.

शेवटचा अर्धा दिवस उलुगबेगच्या वेधशाळेसाठी ठेवा. तैमूरचा हा नातू राजा म्हणून फार चालला नाही, पण १०१८ ताऱ्यांची यादी त्याच्या नावावर आहे आणि सवाई जयसिंगाने जंतरमंतराच्या कामात तिचाच आधार घेतला. १९०८ मध्ये उत्खननात सापडलेला, जमिनीखाली उतरत गेलेला दगडी चाप एवढंच आता शिल्लक आहे. त्या चापाची त्रिज्या सुमारे चाळीस मीटर. वरून वाकून बघा आणि एवढं वक्र रेषेत दगडकाम दोरीने कसं धरलं असेल याचा विचार करा. मग सियोब बाजारातून दोन नोन आणि जर्दाळू घेऊन संध्याकाळची गाडी पकडा. ताश्कंद दोन-सव्वादोन तासांवर आहे. सकाळ मोकळी असेल तर तिथला लालबहादूर शास्त्रींचा पुतळा बघून विमानतळ गाठता येतो.