बेल्ट काढला तरी गाडी रडतेच

आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड करून मी शिरवळजवळच्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा मला खडखडाटाची भीती वाटायची. खडखड म्हणजे इंजिन उघडायचं, असं डोक्यात पक्कं. आता उलटं झालंय. खडखड कुठून येते ते कान सांगतो. पण बारीक, एकसुरी, रेस दिली की चढत जाणारी शिट्टी सगळ्या इंजिनभर पसरते आणि नव्या पोराला हमखास फसवते. मला तिनं कसं फसवलं ते सांगतो.

दहा टायरचा, सहा सिलिंडरचा ट्रक होता. पुण्याहून भरून कोल्हापूरकडे जायचा, येताना बहुतेक रिकामा. डायवर मामांची तक्रार एका वाक्याची: "खंबाटकी चढताना लय ओरडती, येताना बोगद्यातनं कमी असती." तेव्हा साताऱ्याकडे जाणारी वाहतूक खंबाटकी घाटानं चढायची, पुण्याकडे येणारी बोगद्यातून जायची, हे या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक. आम्ही लगेच अर्थ लावला. भरलेली ओरडते, रिकामी कमी ओरडते, म्हणजे लोडचा आवाज. म्हणजे टर्बो, इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा.

टर्बोवर संशय घेणं चूक नव्हतं. तो मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतो, थोडी शिट्टी त्याची असतेच. पण टर्बो किंवा त्याच्या पायपिंगचं दुखणं सहसा एकटं येत नाही. ही हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणारा होस फाटला की पिकअप मरतो आणि काळा धूर येतो. धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत असेल तर तिथं काजळी बसते. आम्ही होसच्या जोडांवर साबणाचं पाणी मारून रेस दिली, कुठं बुडबुडा नाही. इंजिन थंड झाल्यावर टर्बोचा शाफ्ट बोटानं हलवून पाहिला. बाजूला किंचित हलणं चालतं, पण पुढं-मागं हललेलं हाताला जाणवता कामा नये, आणि पातं बॉडीला घासता कामा नये. सगळं ठीक. पिकअपची तक्रार नाही, धूर नाही. इथंच मी थांबून मामांना परत विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

मग इंजिनच्या बेल्टवर फिरणाऱ्या भागांची बाजू धरली. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगजवळच्या बॉडीवर आणि मूठ कानामागच्या हाडावर, ही जुनी पद्धत आजही सोडू नका. फक्त शर्टाची बाही, गळ्यातला रुमाल आणि फॅन यांत अंतर ठेवा. अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, मला जरा करकरीत वाटला. नवं बेअरिंग गाडीच्या मालकाच्या पैशानं बसवलं. आवाज होता तसाच. दुसऱ्या दिवशी मी बेल्टच उतरवून गाडी चालू केली. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, कारण एका मिनिटात अल्टरनेटर, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) तिघांचा निकाल लागतो. मिनिटभरच चालवा, पाणी फिरत नसतं. आवाज तरीही येत होता. मी छाती काढून जाहीर केलं, "टायमिंग गिअर," म्हणजे इंजिनच्या आतले, क्रँक आणि कॅमची चाल जुळवणारे गिअर.

टायमिंगचं कव्हर उघडायचं म्हणजे रेडिएटर, फॅन, पुढची पुली, सगळं खाली. मालकाचा चेहरा उतरला. तेवढ्यात आमचे मोठे मेस्त्री दुसऱ्या गाडीखालून बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "स्टेअरिंग फिरवून बघितलंस का रं?"

नव्हतं बघितलं. क्लिनरला वर बसवून स्टेअरिंग टोकापर्यंत फिरवायला सांगितलं आणि शिट्टीचं विव्हळणं झालं. मेस्त्रींनी स्टेअरिंग ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. ऑइलची पातळी बरोबर होती, पण वर घुसळलेल्या ताकासारखा फेस. या गाडीत स्टेअरिंग पंप बेल्टवर नसून टायमिंग गिअरवरून चालतो. बऱ्याच ट्रकमध्ये असंच असतं. म्हणून बेल्ट काढूनही तो ओरडत राहिला, आणि जवळच बसलेला असल्यानं माझ्या स्क्रू ड्रायव्हरला आवाज गिअर कव्हरमधून आल्यासारखा वाटला.

दोष पंपात नव्हता. डबीपासून पंपाकडे येणारा होस उष्णतेनं कडक झाला होता आणि क्लिप त्याला नीट आवळत नव्हती. हा पाइप ऑइल ओढणारा. त्यामुळे गाडी चालू असताना ऑइल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते, आणि खाली डाग पडत नसल्यानं तिकडं लक्ष जात नाही. हवा मिसळलेलं ऑइल पंपात गेलं की पंप ओरडतो, वळवताना दाब वाढला की अजून जोरात.

आता मामांचं वाक्य परत वाचा. घाट आणि बोगदा. मला लोड दिसला होता, मामा मात्र वळणं सांगत होते. भरलेली गाडी घाटाच्या वळणांवर स्टेअरिंग सतत फिरवत चढते, रिकामी गाडी बोगद्यातून जवळजवळ सरळ जाते.

तेव्हापासून नवा पोरगा आला की मी त्याच्या हातात पाना देण्याआधी एकच काम देतो: आवाज कशाच्या मागं जातो ते शोध. गाडी जागेवर उभी असताना रेसबरोबर चढत असेल तर इंजिन किंवा त्यावर लटकलेलं काहीतरी. न्यूट्रलमध्ये क्लच दाब. दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्सच्या इनपुटकडचं बेअरिंग बघ, कारण दाबल्यावर तो शाफ्ट थांबतो. दाबल्यावरच आला तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. हेडलाइट लावल्यावर सूर बदलला तर अल्टरनेटर, मग व्होल्टेजही मोज, २४ व्होल्टच्या गाडीत चार्जिंग साधारण २७ ते २८.५ च्या दरम्यान दिसायला हवं. रस्त्यावर एकाच स्पीडला गिअर बदलूनही आवाज तोच राहिला तर इंजिनला सोड, मागं जा. अॅक्सिलरेटर सोडताच सूर पालटला तर मागच्या अॅक्सलमधल्या क्राऊन-पिनियन गिअरवर संशय. आणि काही इंजिनांचे गिअर जन्मापासूनच थोडे गातात, म्हणून त्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारी लावून ऐकल्याशिवाय टायमिंगचं नाव घ्यायचं नाही. बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची, सेन्सरवाली गाडी आली की पोरं आधी बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावतात. लावा, पण स्टेअरिंगच्या होसची अशी सैल क्लिप कोड देत नाही.

त्या गाडीला नवा होस, दोन क्लिपा आणि डबीतला फिल्टर घातला. पुढचा अॅक्सल जॅकवर उचलून स्टँड लावले, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवलं, ऑइल भरलं, मग आयडलवर तेच परत. टोकाला दाबून धरायचं नाही, पंप तापतो. आवाज लगेच पूर्ण गेला नाही. फेस बसायला वेळ लागतो, आणि त्या वेळात मी पुन्हा घाबरलो होतो. संध्याकाळपर्यंत गाडी गप्प झाली.

बिल करताना खरी पंचाईत. होस-क्लिपांचे पैसे मालकानं मोजून दिले. अल्टरनेटरच्या बेअरिंगचे मेस्त्रींनी माझ्या आठवड्याच्या पगारातून कापले, आणि ते बरोबरच होतं. शोधण्याची मजुरी मात्र मालक द्यायला तयार होईना: "एका क्लिपेची कसली मजुरी?" आता मी गाडी आत घेण्याआधीच सांगतो की तपासणीचे पैसे वेगळे, पार्ट निघो वा न निघो. निम्मे लोक कुरकुरतात, पण गाडी इथंच लावतात.