सहप्रभाविता समजून घेताना सुरुवात कोठून करावी

नौपाड्यात माझ्याकडे जीवशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांचा आनुवंशिकीत सर्वांत जास्त गोंधळ सहप्रभावितेपाशी होतो. संकराच्या दुसऱ्या पिढीत येणारे १:२:१ हे गुणोत्तर बहुतेकांना पाठ असते. पण अपूर्ण प्रभावितेतही नेमके तेच गुणोत्तर येत असल्यामुळे त्यावरून या दोहोंतला भेद कळणे शक्य नसते. म्हणून आई आणि वडील यांच्याकडून एकाच जनुकाची दोन वेगवेगळी रूपे मिळालेले अपत्य आधी डोळ्यांसमोर आणावे, आणि त्याच्याविषयी एवढेच विचारावे की, दोन्ही रूपे त्याच्यात आपापली ओळख राखून दिसतात, की त्यांच्या मधले तिसरेच काही दिसते? पहिले उत्तर आले तर ती सहप्रभाविता, दुसरे आले तर अपूर्ण प्रभाविता.

लाल आणि पांढऱ्या गुलबाक्षीच्या शुद्ध वाणांचा संकर केला तर पहिल्या पिढीत गुलाबी फुले येतात, आणि ही अपूर्ण प्रभाविता होय. हळदीकुंकवाच्या वेळी कपाळावर हळद आणि कुंकू शेजारी शेजारी लावले जातात, तेव्हा पिवळा पिवळाच राहतो आणि लाल लालच. सहप्रभावितेचे चित्र मनात ठेवायचे ते असे. शॉर्टहॉर्न जातीच्या लाल आणि पांढऱ्या गुरांच्या संकरातून होणाऱ्या वासराच्या अंगावर लाल केस आणि पांढरे केस मिसळलेले असतात, परंतु एकही केस गुलाबी नसतो.

यापेक्षा चांगले उदाहरण मात्र आपल्या रक्तात आहे. महाविद्यालयात रक्तगट तपासणी होते, तेव्हा तंत्रज्ञ काचपट्टीवर रक्ताचे वेगवेगळे थेंब घेऊन एकात ए विरोधी आणि दुसऱ्यात बी विरोधी द्रव मिसळतात. एबी गटाच्या रक्तात दोन्ही ठिकाणी गुठळ्या होतात, कारण त्या व्यक्तीच्या तांबड्या पेशींवर ए आणि बी ही दोन्ही प्रतिजने, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील ओळखखुणा, पूर्णपणे तयार झालेली असतात. संधी मिळेल तेव्हा ती काचपट्टी अवश्य निरखून पाहावी. सहप्रभाविता इतक्या सहज डोळ्यांनी दिसण्याची जागा दुसरी क्वचितच सापडेल.

हे घडते कसे, तेही समजून घ्यावे. नवव्या गुणसूत्रावरील या जनुकाचे ए रूप एक विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) तयार करते आणि बी रूप थोडे वेगळे विकर. ही विकरे पेशीवरील एच नावाच्या मूळ साखळीला प्रत्येकी आपापली शर्करा जोडतात. दोन्ही विकरे उपस्थित असली की काही साखळ्यांना एक शर्करा जोडली जाते, तर काहींना दुसरी. ओ रूपापासून काम करणारे विकर मिळत नाही, त्यामुळे ए किंवा बी यांच्यासमोर ते अप्रभावी ठरते. म्हणजे सहप्रभावी हे विशेषण जनुकाचे नसून दोन रूपांमधील नात्याचे आहे, कारण तेच ए रूप बीबरोबर सहप्रभावी असते आणि ओबरोबर प्रभावी.

आता पनेट चौकट, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रूपांच्या सर्व जोड्या दाखवणारा तक्ता, मांडावी. आईकडे ए आणि ओ, तर वडिलांकडे बी आणि ओ ही रूपे असतील, तर एबी, ए, बी आणि ओ या चारही गटांची शक्यता प्रत्येकी २५ टक्के असते. दोघेही एबी असतील, तर ए, एबी आणि बी यांचे अपेक्षित प्रमाण १:२:१ येते, आणि येथे जनुकविधा (रूपांची जोडी) व स्वरूपविधा (प्रत्यक्ष दिसणारा गुण) यांचे प्रमाण एकच असते. एबी आणि ओ यांच्या अपत्याचा गट सामान्यतः ए किंवा बी असतो. 'सामान्यतः' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या बॉम्बे रक्तगटात मूळ एच साखळीच तयार होत नाही, त्यामुळे ए किंवा बी रूप असूनही ती व्यक्ती नेहमीच्या तपासणीत ओ दिसते. तेव्हा घरच्यांच्या रक्तगटांवरून नात्यांविषयी निष्कर्ष कोणीही काढू नयेत.

शेवटचा मुद्दा असा की, उत्तर आपण कोणत्या पातळीवर पाहतो यावर अवलंबून असते. सिकल सेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आपल्या शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी पाड्यांसाठी आणि २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यासाठी महत्त्वाची आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकाचे एक नेहमीचे ए रूप (हा ए रक्तगटाचा नव्हे) आणि एक आजाराचे एस रूप असलेल्या वाहक व्यक्तीला सहसा आजाराचा त्रास नसतो, म्हणून आजार या पातळीवर एस रूप अप्रभावी म्हटले जाते. परंतु तिच्या रक्ताचे विद्युतकणसंचलन (विद्युतप्रवाहाने प्रथिने वेगळी करण्याची चाचणी) केले तर ए आणि एस या दोन्ही हिमोग्लोबिनचे वेगळे पट्टे दिसतात, म्हणजे प्रथिनाच्या पातळीवर तीच रूपे सहप्रभावी ठरतात. प्राथमिक विद्राव्यता चाचणी केवळ एस आहे एवढेच सांगते. वाहक आणि रुग्ण यांतला फरक त्या दोन पट्ट्यांवरून कळतो, आणि दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असल्यामुळे, विद्राव्यता चाचणीत एस आढळल्यावर ही पुढची तपासणी करून घेणे टाळू नये.