मार्चअखेरची देणगी-मेल: एकाला दोनदा, दुसऱ्याला एकदाही नाही

गुहागरकडच्या आमच्या वाचनालयाचे देणगीदार बहुतेक मुंबईतले चाकरमानी. शिमग्याला गावी येतात तेव्हाच आठवण करून दिली, की ३१ मार्चच्या आत पैसे येतात. यादी गूगल शीटमध्ये, मेल अ‍ॅप्स स्क्रिप्टने, म्हणजे शीटला जोडलेल्या गूगलच्या छोट्या प्रोग्रॅमने.

घोळ असा व्हायचा: साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टला दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवता येते. मर्यादा संपली की स्क्रिप्ट मध्येच थांबते; दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. वरच्यांना दोनदा मेल, खालचे कोरडेच.

उपाय: शीटमध्ये ‘पाठवले’ हा रकाना वाढवला. मेल गेली की त्याच क्षणी तिथे तारीख लिहायची आणि लगेच ‘फ्लश’ करायचं, म्हणजे ती नोंद शीटमध्ये तेव्हाच पक्की करायची; सगळ्या तारखा शेवटी एकदम लिहिल्या तर मध्ये अडकल्यावर नोंदच राहत नाही. रकाना भरलेला असेल तर ती ओळ सोडायची. त्या दिवशी अजून किती मेल पाठवता येतील, तो शिल्लक कोटा सुरुवातीलाच तपासायचा. स्क्रिप्ट आपोआप सुरू करणारा ट्रिगर रोज सकाळी. प्रोजेक्टचा टाइमझोन कोलकाता (भारतीय वेळ) ठेवा, नाहीतर मेल भलत्याच वेळी जाते.

करवजावटीसाठी देणगीदाराचा पॅन लागतो; त्याची तपासणी देणगीच्या फॉर्ममध्येच लावली: ५ अक्षरं, ४ अंक, १ अक्षर. खरी डोकेदुखी वेगळीच, यूपीआय बायकोच्या खात्यातून आणि पॅन नवऱ्याचा! म्हणून ‘पैसे कोणाच्या खात्यातून?’ हा प्रश्न सक्तीचा केला.

२,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची प्राप्तिकर वजावट नाही; नव्या करप्रणालीत तर ती कुठल्याच देणगीला नाही. हे मेलमध्ये पहिल्याच परिच्छेदात लिहा. वजावटीबद्दल विचारणारे मे महिन्यातले निम्मे फोन वाचतात.