ओल्या ट्रॅकआधी गाडी मऊ करा

नागपुरात मृगाच्या सरी पडल्या की हौशी रेसवाले आधी टायर शोधतात. टायर लागतातच, खोल खाचांचे. झिजलेला टायर साचलेल्या पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं लागतं. पण मी त्याच्याइतकंच सस्पेन्शनकडे बघतो. ओल्यात पकड कमी, त्यामुळे वळताना, ब्रेक मारताना गाडीचं वजन एका चाकावरून दुसऱ्यावर सावकाश सरकायला हवं. कोरड्यासाठी कडक केलेली गाडी काही न सांगता सुटते, म्हणजे घसरते. डँपर, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक अ‍ॅब्झॉर्बर, त्यांची खुंटी फिरवून दोन-तीन क्लिक मऊ करा. गाडी मागून सुटत असेल तर मागच्या अँटी-रोल बारची (डाव्या-उजव्या चाकांना जोडून वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांडीची) लिंक, म्हणजे जोडकाडी, काढा, पुढून बाहेर ढकलत असेल तर पुढच्या बारची. सुटी लिंक तारेने घट्ट बांधा, नाहीतर चाकात अडकेल. पाणी साचलेलं असेल तर टायरमध्ये दोन पीएसआय हवा जास्त ठेवा, खाचा उघड्या राहतात.

काच आतून तेलकट असली की धुकं लगेच धरते; कोऱ्या फडक्याने पुसा, ब्लोअर सुरू ठेवा.

आणि बूट! आपली काळी माती तळव्याला लोण्यासारखी चिकटते, ब्रेकवरून पाय घसरतो. सीटवर बसल्यावर, पाय आत घेण्याआधी, तळवे पुसाच.